वर्षं पळतात, दुपार सरत नाही

‘बघता बघता वर्ष सरलं!’ चाळिशीनंतर हे वाक्य तोंडात बसतं. गंमत म्हणजे ते म्हणणाऱ्यालाच रांगेतली वीस मिनिटं खायला उठतात. म्हणजे चालू क्षण काही पळत नाही. पळतं ते मागे वळून पाहिलेलं वर्ष.

पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८७७ मध्ये याचं सोपं गणित मांडलं: पाच वर्षांच्या पोराला वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा, पन्नाशीतल्याला पन्नासावा. गणित पुढे ताणलं तर पाच ते ऐंशी या वाटेचा मध्य विसाव्या वर्षीच गाठला जातो, कारण इथे वाट वर्षांनी नाही, वय किती पट झालं यावर मोजायची: पाचाची चौपट वीस आणि विसाची ऐंशी. ऐकून पोटात गोळा येतो. पण १८९० मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने बरोबर बोट ठेवलं: यातून अनुभवाचं वर्णन होतं, उकल होत नाही. सरावाचे दिवस आठवणीत एकमेकांत विरघळतात, म्हणून वर्ष आखूड भासतं, हे त्याचं म्हणणं जास्त पटतं. पहिली नोकरी, पहिलं घर, नवं गाव हे सगळं बहुतेकांच्या तिशीच्या आत उरकतं. त्या वर्षांच्या आठवणीही म्हणूनच दाट.

आणि आठवणी विरळ झाल्या की आपण बदललो हेही दिसेनासं होतं. २०१३ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात १८ ते ६८ वयाची १९ हजारांवर माणसं होती. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, पण पुढच्या दहांत फारसं बदलणार नाही, असा कौल प्रत्येक वयात निघाला. विशीतली पोरंसुद्धा स्वतःला ‘तयार माल’ समजतात!

पडताळा घ्यायचाय? डायरी इथे फसते. तिच्यात घडामोडी असतात, मतं नसतात. त्यापेक्षा वाढदिवसाला तारीख घालून चार उत्तरं लिहावीत: सध्या कशाची भीती वाटते, कुणाशी पटत नाही, कशावर पैसे टाकायला जीव होत नाही, रिकामा वेळ कशात जातो. अर्धं पान पुरे. ‘कुटुंब, आरोग्य’ असली गुळगुळीत उत्तरं टाळावीत, ती सगळ्याच वर्षी सारखी येतात. आणि नवं पान लिहून होईपर्यंत जुनं उघडू नये. उघडलं की हात आपसूक मागच्याचीच नक्कल करतो, आणि मग आपण होतो तसेच आहोत याचा लेखी पुरावाच तयार होतो.