जॉवेट जॅव्हलिन 1951: इंजिन बदलायचं नाही, नीट बांधायचं

मागच्या हप्त्यात गाडी गॅरेजात येऊन ठोकळ्यांवर चढली होती. त्यानंतर इंजिन उतरलं, पूर्ण उघडलं, आणि आता ब्लॉकचे दोन्ही अर्धे भाग पुन्हा एकमेकांना भिडलेत. सांगण्यासारखं बरंच साचलंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीची ओळख. ब्रिटिश क्लासिक म्हटलं की जॅग्वार, एमजी, फार तर मॉरिस मायनर, इथवर गप्पा पोचतात. जॉवेटचं नाव इथे यॉर्कशरमध्येसुद्धा साठीच्या आतल्या माणसाला सांगून कळत नाही. बेंजामिन आणि विल्यम या जॉवेट बंधूंचा कारखाना ब्रॅडफर्डच्या आयडल भागात होता. अनेक वर्षं त्यांनी दोन सिलिंडरची आडवी इंजिनं बसवून साध्या, टिकाऊ गाड्या विकल्या. मग ऐन युद्धात, 1942 मध्ये, त्यांनी जेराल्ड पामर नावाच्या तिशीतल्या डिझायनरला बोलावून जवळपास कोरा कागद हाती दिला. त्यातून 1947 च्या अखेरीस जॅव्हलिन बाहेर पडली. 1486 सीसीचं चार सिलिंडरचं आडवं इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे, रेडिएटर इंजिनाच्या मागे, चारही चाकांना टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे, पिळले जाणारे दांडे), आणि चासी वेगळी नाही, बॉडी एकसंध. आपल्याकडे हिंदुस्तान 14 म्हणून आलेली मॉरिस ऑक्सफर्ड याच काळातली, साधारण एवढ्याच सीसीची. तिचं साइड-व्हॉल्व्ह (सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व्ह असलेलं, जुन्या धाटणीचं) इंजिन 41 अश्वशक्तीचं, जॅव्हलिनचं 50. माणसं दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधे बसतात, त्यामुळे मागच्या सीटवरही धक्के बसत नाहीत. 1949 मध्ये मॉन्टे कार्लो रॅलीत तिने आपला वर्ग जिंकला, आणि 1953 ची ट्युलिप रॅली तर थेट पहिल्या क्रमांकाने.

तरीही ती विसरली गेली, आणि त्याचं कारण म्हणून जो तो इंजिनाकडे बोट दाखवतो. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) तुटतो, गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधला गळती रोखणारा पातळ थर) जातं, बेअरिंगं वितळतात. मी ही गाडी घेतली तेव्हा मला मिळालेला पहिला सल्ला हाच होता की दुसरं एखादं आधुनिक इंजिन टाक आणि मोकळी हो. मला ते पटलेलं नाही. इंजिन उघडून, मापं घेऊन झाल्यावर तर अजिबातच पटत नाही.

उघडल्यावर काय दिसलं ते सांगते. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, क्रँकच्या मध्यरेषेवर उभा चिरलेला, म्हणजे डावा अर्धा आणि उजवा अर्धा. प्रत्येक अर्ध्यात दोन बिडाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यांत सरकतात त्या नळ्या, आणि त्यांच्या भोवती थेट पाणी. उजवा अर्धा उभा करून आत टॉर्च मारला तर लायनरच्या तळाशी पाण्याची वाटच उरली नव्हती. गंज, चुना आणि कुणीतरी गळती थांबवायला ओतलेली पावडर, सगळं मिळून तांबूस करडा दगड झालेला. लाकडी काडीने टोकरला तर खपल्या निघत होत्या. लोखंडी काही घालायची हिंमत नव्हती, कारण खालची बैठक अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तिच्यावर ओरखडा म्हणजे पुढच्या गळतीला आमंत्रण. सायट्रिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर वेळ, एवढंच वापरलं. अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियमलाही खातं, त्यामुळे थोडा वेळ लावायचं, धुवायचं, बघायचं आणि पुन्हा लावायचं.

या इंजिनाची खरी मेख त्या बैठकीत आहे. लायनरचं वरचं तोंड ब्लॉकच्या पातळीपेक्षा काही थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वर राहिलं पाहिजे, म्हणजे हेड (सिलिंडरवरचं झाकण) आवळल्यावर ते गॅस्केटमध्ये रुततं. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. इंजिन गरम झालं की ब्लॉक वाढतो, लायनर तेवढा वाढत नाही, आणि थंड असताना मिळालेली पकड सैल पडते. एका हेडखालचे दोन लायनर समान उंचीचे नसतील तर बुटक्या लायनरची पकड आधी सुटते. गॅस्केट जातं, पाणी ऑइलमध्ये उतरतं, पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगला पुरत नाही, आणि शेवटी सगळे म्हणतात की जॉवेटचं इंजिन नाजूक. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीतल्या वाचकांना यातली गोम एका वाक्यात कळेल.

माझ्या उजव्या अर्ध्यातल्या दोन लायनरमध्ये तीन थाऊंचा फरक निघाला. आधीच्या कुठल्याशा मेकॅनिकने तो फरक सीलंटच्या जाड थराने झाकला होता. आता लायनर धातूच्या नळीने आणि बोल्टने खाली दाबून धरायचे, डायल गेज (उंचीतला बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) ब्लॉकवर शून्याला लावायचं आणि प्रत्येक लायनरच्या तोंडावर चार ठिकाणी माप घ्यायचं. मग खालच्या बैठकीत शिम (पातळ धातूच्या चकत्या) बदलून पुन्हा तेच. दाबून न धरता घेतलेलं माप फसवं असतं, कारण बैठकीतलं सील थोडं दबतंच. चारही लायनर एका थाऊच्या आत आले तेव्हाच पुढे गेले.

क्रँक. याबद्दल सगळ्यांनाच उत्सुकता असते. तडा जातो तो जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) आणि वेब (दोन जर्नलना जोडणारा पाखा) जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून क्रँक पुसून पारखण्यात अर्थ नाही, चुंबकीय चाचणी करून घ्यायची. क्रँकला चुंबकत्व द्यायचं, लोखंडी कणांचं चमकणारं द्रव ओतायचं आणि अंधारात अतिनील दिव्याखाली बघायचं. तडा असेल तर त्या रेषेवर कण गोळा होतात. माझ्या क्रँकवर मागच्या वेबजवळ नखाएवढी हिरवी रेष उमटली. म्हणजे तो बाद. कंपनीने शेवटच्या काळात वेबचा आकार बदलून मजबूत, लंबगोल वेबचा क्रँक काढला होता. जॉवेट कार क्लबमधल्या ओळखीतून तसा एक मिळाला, तोही तपासून घेतला आणि स्वच्छ निघाला. एकाच नावाच्या गाड्यांसाठी चालणाऱ्या जगातल्या सगळ्यात जुन्या क्लबांपैकी हा एक, आणि त्यांच्याकडचं सुट्या भागांचं ज्ञान नसतं तर अशा गाडीला हात लावणं अवघडच होतं.

नवा क्रँक घासून समतोल करून दिला तो कीथलीच्या एका निवृत्त टर्नरने. त्यांच्या शेडमधला लेथ डीन, स्मिथ अँड ग्रेसचा, कीथलीतच बनलेला. चहाचा मग बाजूला ठेवून ते जर्नलवरून अंगठा फिरवतात, मान हलवतात आणि मगच मायक्रोमीटर उचलतात. मायक्रोमीटर त्यांच्या अंगठ्याला दुजोराच देतो.

बाकी कामं भराभर सांगते. मूळचे हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे, ऑइलच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे भाग) आधीच कुणीतरी काढून साधे बसवले होते. कंपनीनेही पुढे तेच केलं, त्यामुळे तसेच ठेवले. दोन्ही झेनिथ कार्ब्युरेटर साफ करून नव्या जेटसह बसायला तयार आहेत. बोल्ट बीएसएफ, म्हणजे जुन्या ब्रिटिश बारीक आट्यांच्या मापाचे आहेत, मेट्रिक पाना बळेच लावू नका, कोपरे झिजतात. वायरिंग पॉझिटिव्ह अर्थचं (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) आहे आणि तसंच राहणार. डाव्या सिलचा (दाराखालच्या पट्टीचा) पत्रा बाहेरून ठीक दिसतो, आतून कितपत सडलाय ते कापल्याशिवाय कळणार नाही.

या इंजिनावर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं. आराखडा उत्तम होता. लहान कंपनीने तो पुरेशी चाचणी न करता विक्रीला काढला आणि दुरुस्त्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर होत राहिल्या. मग गिअरबॉक्स स्वतः बनवायला घेतल्यावर त्यात अडचणी आल्या, तयार बॉड्या गिअरबॉक्सची वाट बघत पडून राहिल्या. 1953 मध्ये जॅव्हलिन थांबली, 1954 मध्ये कारखाना इंटरनॅशनल हार्वेस्टरकडे गेला आणि तिथे ट्रॅक्टर बनू लागले. सुमारे 23,000 जॅव्हलिन बनल्या. क्रँक सुधारला होता, ऑइलचे प्रश्न बरेचसे सुटले होते, म्हणजे इंजिन चांगलं झालं तेव्हाच दार बंद झालं. म्हणून ज्यांच्याकडे जॅव्हलिन किंवा याच इंजिनाची जॉवेटची स्पोर्ट्स गाडी ज्युपिटर आहे त्यांना कळकळीची विनंती: दुसरं इंजिन घालू नका. एकदा लायनरची मापं घ्या, क्रँक तपासा. खर्च होतो, वेळ त्याहून जास्त जातो, पण पामरची गाडी पामरची राहते.

पुढच्या टप्प्यात हेड बसवायची आहेत, त्याआधी व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडा) घासून घ्यायच्या आहेत. कुणी सिसेविरहित पेट्रोलसाठी या हेडमध्ये कठीण सीट बसवून घेतल्या असतील तर कुठल्या मापाच्या, आणि शेजारच्या पाण्याच्या वाटेपर्यंत भिंत किती उरली, ते जरूर लिहा. तो निर्णय झाल्याशिवाय हेड मशीन शॉपला देणार नाही.