प्रोग्रेसिव्ह प्रेसवर रायफलची काडतुसं भरताना

फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी नावाची मोठी सरकारी शूटिंग रेंज आहे. तिथे मी हायपॉवर रायफलच्या मॅचेस खेळतो. पूर्ण मॅच 80 फैरींची असते. 200 यार्डांवरून 20 उभ्याने आणि 20 बसून जलद, 300 यार्डांवरून 20 झोपून जलद, शेवटी 600 यार्डांवरून 20 सावकाश. नेम जुळवायच्या फैरी वेगळ्याच, आणि सराव धरला तर काडतुसांचा हिशेब फार पुढे जातो. काडतुसं मी घरीच भरतो, आणि साध्या सिंगल स्टेज प्रेसवर एकेक पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी आवरण, प्रत्येक कामासाठी पुन्हा पुन्हा हातात घ्यावी लागते. शनिवार-रविवार त्यातच जायला लागले, तेव्हा प्रोग्रेसिव्ह प्रेस, म्हणजे सगळी कामं एकाच वेळी करणारा प्रेस, घ्यायचं ठरवलं.

कोल्हापूरहून फोन आला की हमखास प्रश्न येतो, वापरलेलं काडतूस पुन्हा भरतात म्हणजे काय? स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं ते .22 रिमफायर रायफलने. त्या काडतुसात ठिणगी पाडणारं मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं. काठ चेपला की पुंगळीचं काम संपलं. माझी रायफल .223 रेमिंग्टनची, सेंटरफायर. तिच्या पुंगळीच्या बुडाला मधोमध प्रायमरची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मिश्रणाची, छोटी वाटी वेगळी बसवलेली असते. ती काढून नवी घालता येते, म्हणून तीच पितळी पुंगळी अनेकदा वापरता येते.

कायद्याचं आधी सांगतो, कारण आपल्यातले बरेचजण इथे व्हिसावर असतात. एच-1बीवर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत या वाटेला गेलो नाही. स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही, विकायची असतील तर लागतं.

प्रेस घेतला डिलनचा एक्सएल 750. कंपनी शेजारच्याच स्कॉट्सडेलची. पाच स्टेशनं, आणि दांडा ओढला की शेलप्लेट, म्हणजे पुंगळ्या धरणारी गोल चकती, आपोआप एक घर पुढे सरकते. पहिल्या स्टेशनवर पुंगळी मापात येते आणि जुना प्रायमर बाहेर पडतो. दुसऱ्यावर नवा प्रायमर बसतो आणि बंदुकीची दारू पडते, तिसऱ्यावर दारूची पातळी तपासली जाते, चौथ्यावर गोळी बसते, पाचव्यावर तोंड आवळलं जातं. पाचही घरं भरली की दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक तयार काडतूस.

पण हे सरळ गणित पिस्तुलाच्या काडतुसांचं. रायफलच्या पुंगळ्या मापात आणताना वंगण लावावंच लागतं, नाहीतर त्या डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यात, अडकतात. पुढे मापात आल्यावर त्या लांब होतात, कापाव्या लागतात, वंगण पुसावं लागतं. म्हणून रायफलचं काम दोन फेऱ्यांत करायचं आणि दोन्हींसाठी वेगळी टूलहेड, म्हणजे डाय बसवलेली वरची प्लेट, ठेवायची, हे क्लबातल्या एका निवृत्त मशिनिस्टनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. पहिल्या टूलहेडवर फक्त मापात आणणं. मग लांबी 1.760 इंचांच्या वर जाऊ नये म्हणून 1.750 ला कापणं, तोंडाची धार आतून-बाहेरून मारणं, मक्याच्या कणसाच्या चुऱ्यात घोळवून वंगण काढणं. लेक सिटी कारखान्याच्या लष्करी पुंगळ्या असतील तर प्रायमरच्या खोबणीचा चेपलेला काठही दाबून मोकळा करावा लागतो. हे कंटाळवाणं आहे, पण अचूकता इथेच ठरते असं माझं मत आहे.

प्रेस टेबलाला बोल्ट केला, टेबल गॅरेजच्या भिंतीतल्या लाकडी खांबांना. टेबल जरा जरी हललं तर प्रायमर नीट बसल्याचा हाताला येणारा अंदाज जातो.

खरा वेळ गेला तो शेलप्लेटवर. ती मधल्या एका बोल्टवर फिरते. बोल्ट सैल ठेवला तर प्लेट डोलते आणि प्रत्येक काडतूस थोडं वेगळं निघतं, घट्ट केला तर ती फिरतच नाही. बोल्ट प्लेट अडकेपर्यंत आवळायचा, मग किंचित मागे घ्यायचा, इतका की प्लेट मोकळी फिरेल पण बोटाने वर-खाली हलवली तर प्ले जाणवणार नाही, आणि तिथेच बाजूच्या छोट्या स्क्रूने तो पक्का करायचा. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. तिथे थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, गोष्टी ऐकत वाढल्यामुळे असेल, पण या कामात मी रमलो.

मग माप. पुंगळीचा खांदा, म्हणजे ती तोंडाकडे निमुळती होते तो उतार, झाडल्यानंतर जिथे असतो तिथून, तीन थाऊ मागे ढकलायचा होता, म्हणजे सेमी-ऑटो रायफलमध्ये काडतूस विनासायास चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, जातं आणि पितळावर फाजील ताणही येत नाही. खांद्यापर्यंतचं माप घेणारा कंपॅरेटर लावून व्हर्नियरने मोजायला घेतलं तेव्हा मशिनिस्ट आजोबांनी हात धरला. "आधी सगळी घरं भर, मग मोज." डायखाली एकच पुंगळी असली की प्लेट एका बाजूला दबते, बाकीच्या घरांत पुंगळ्या असल्या की ताण वाटला जातो आणि माप बदलतं. करून पाहिलं, थाऊ-दोन थाऊचा फरक स्पष्ट दिसला. गोळी बसवायच्या डायचंही तेच. एकूण लांबी 2.260 इंच हवी, मॅगझिनमध्ये बसायला, आणि ती सगळी स्टेशनं भरलेली असतानाच लावायची.

दारूचा आकडा मी इथे देत नाही. तो मॅन्युअलमधूनच घ्यावा, तिथल्या सर्वात कमी आकड्यापासून सुरुवात करावी. पद्धत मात्र सांगतो. दारू मोजून टाकणाऱ्या मापकाचा बोल्ट फिरवल्यावर पहिली काही मापं सरळ परत ओतायची, दारू आत बसायला वेळ घेते. मग दहा मापं एकत्र तोलून सरासरी काढायची आणि एकेक तोलूनही पाहायची, कारण सरासरी बरोबर असूनही एखादं माप भलतंच असू शकतं. मी बारीक गोल दाण्यांची बॉल पावडर घेतली. लांबट दाण्यांची दारू मापकात अडकते, कापली जाते, कधी मापकाच्या नळीत पूल बांधून बसते.

.223 ची पुंगळी दारूने जवळजवळ काठोकाठ भरते, आणि शेलप्लेट झटक्याने पुढे सरकली की चार दाणे उडतात. त्यासाठी प्लेटखालच्या छऱ्याची स्प्रिंग थोडी हलकी केली आणि दांड्याची चाल सावकाश केली. तिसऱ्या स्टेशनवरचा पावडर चेक मी कधीच काढणार नाही. त्याची दांडी पुंगळीत उतरते, पातळी चुकली की भोंगा वाजतो. दारू न पडलेल्या काडतुसातही नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी बंदुकीच्या नळीत जाऊन अडकू शकते. तशा नळीत पुढची फैर झाडली तर काय होईल ते सांगायला नको. भोंग्यावर विसंबूनही मी प्रत्येक पुंगळीत डोकावतो, त्यासाठी टूलहेडखाली एलईडी पट्टी लावली आहे.

प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा थोडा आतच बसला पाहिजे. माझ्या रायफलची फायरिंग पिन मोकळी असते, रायफलचा बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता भाग, बंद होताना ती पुढे सरकून प्रायमरला हलकी टेकते. म्हणून प्रत्येक काडतुसाच्या बुडावर बोट फिरवतो आणि ते चेंबर गेजमध्ये, म्हणजे चेंबरच्या मापाच्या नमुन्यात, टाकून पाहतो.

200 आणि 300 यार्डांची काडतुसं आता याच प्रेसवर होतात. 600 ची मात्र अजून जुन्या सिंगल स्टेजवरच, प्रत्येक माप तोलून. तिथल्या 80 ग्रेनच्या लांब गोळ्या मॅगझिनमध्ये मावत नाहीत, एकेक करून हातानेच भरायच्या असतात, आणि 20 फैरींसाठी तेवढा वेळ देता येतो.

फिनिक्सच्या उन्हाळ्यात गॅरेजची भट्टी होते, आणि तापलेल्या दारूने गोळीचा वेग बदलतो. त्यामुळे दारू आणि प्रायमर घरातल्या गार कपाटात, मूळच्या डब्यांतच, एकमेकांपासून लांब ठेवलेले असतात. टेबलावर एका वेळी एकच दारू. काम संपलं की मापक रिकामा करून ती ज्या डब्यातून घेतली त्याच डब्यात परत, आणि काडतुसांच्या खोक्यावर तारीख, दारू, गोळी, प्रायमर लिहिलेली चिठ्ठी. हात गार पाण्याने साबण लावून धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही, कारण वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.