सव्वा मिनिटाचा अंधार

एका छोट्या गावात भरणाऱ्या कौटुंबिक चित्रपट महोत्सवासाठी आलेल्या प्रवेशिकांची छाननी करणे आणि निवडलेल्या चित्रपटांची सत्रे लावणे हे माझ्याकडचे काम आहे. कार्यक्रमपत्रिका छपाईला जायची त्याच दिवशी एका लघुपटाने आमच्या निवड समितीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत गुंतवून ठेवले. तो प्रसंग सविस्तर लिहावासा वाटतो, कारण अशा महोत्सवाकडे चित्रपट पाठवणाऱ्यांना त्यातून जे कळेल ते कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते.

प्रवेशिका फिल्मफ्रीवेसारख्या ऑनलाइन मंचावरून येतात. अर्जासोबत चित्रपटाची खासगी लिंक आणि पासवर्ड असतो आणि समितीतले दोन सदस्य आपापल्या घरी, आपापल्या लॅपटॉपवर तो चित्रपट पाहून गुण देतात. या टप्प्यावर बऱ्याच प्रवेशिका कथेमुळे नव्हे, तर अगदी रुक्ष कारणांमुळे बाजूला पडतात. कोणाचा पासवर्ड मधल्या काळात बदललेला असतो, तर कोणाचा चित्रपट श्रेयनामावली धरून कालमर्यादेबाहेर जातो. सर्वांत जास्त त्रास संगीताच्या हक्कांचा होतो. एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा आणि दुसरा ध्वनिमुद्रणाचा. त्यामुळे गाणे स्वतः गाऊन घेतले तरी रचनेची परवानगी घ्यावीच लागते. कौटुंबिक चित्रपटात हा सापळा हमखास असतो, कारण त्यात वाढदिवस असतो, शाळेचे स्नेहसंमेलन असते, मागे टीव्ही चालू असतो आणि त्यावर कोणते तरी प्रसिद्ध गाणे वाजत असते. शिवाय भाषेचा प्रश्न असतोच. पाच वर्षांच्या मुलाला सबटायटल्स वाचता येत नाहीत, त्यामुळे जिथे डोळ्यांनी कथा कळते असा कमी संवादांचा लघुपट आमच्याकडे लवकर पुढे सरकतो.

मी सांगते आहे तो लघुपट या सगळ्या चाळण्यांतून सहज पार झाला होता. अठरा मिनिटांची गोष्ट होती. जुन्या घरात राहायला आलेली दोन भावंडे, आई बाहेर गेलेली, भाऊ तळघरात काहीतरी शोधायला उतरतो आणि त्याच्यामागे दार अडकते. तळघरातला दिवा काही वेळ फडफडतो आणि विझतो. त्यानंतर सव्वा मिनिट पडदा पूर्ण काळा राहतो. ऐकू येतो तो फक्त भावाचा श्वास, आणि मग दाराबाहेरून धाकट्या बहिणीचा आवाज. दार उघडणे तिला जमत नाही, म्हणून आई येईपर्यंत ती त्याला गोष्ट सांगत बसते. शिवी नाही, मारहाण नाही, रक्ताचा थेंब नाही. अर्जातल्या वयोगटाच्या रकान्यात ‘सर्वांसाठी’ यावर खूण केलेली होती आणि दोन्ही सदस्यांनी भरभरून गुण दिले होते. मी त्याला पहिल्या दिवशीच्या सकाळच्या सत्रात बसवले होते, जिथे अगदी चार वर्षांची मुलेही येतात.

आमचा एक नियम आहे. छपाईपूर्वी सकाळच्या सत्रातला प्रत्येक चित्रपट समितीने सभागृहात, पूर्ण अंधार करून, खऱ्या आवाजात पाहायचा. त्या दिवशी ही चाचणी चालली होती. चित्रपट डीसीपीच्या स्वरूपात आला होता, म्हणजे चित्रगृहाच्या सर्व्हरसाठी तयार केलेला तो फायलींचा संच होता, ज्यात चित्र आणि ध्वनी वेगवेगळ्या फायलींत असतात. ही रचना पुढे आमच्या उपयोगाला आली.

दिवा विझला आणि सभागृहात एक खर्जातला घुमारा उठला. तो कानांना ऐकू येण्याआधी खुर्चीच्या हातांत जाणवला. मी हा लघुपट लॅपटॉपवर पाहिलेला होता आणि हा आवाज त्यात नव्हता, असे मी शपथेवर सांगितले असते. प्रत्यक्षात तो तिथे होताच, पण लॅपटॉपच्या एवढ्याशा स्पीकरमधून इतका खालचा आवाज उमटतच नाही. दोन्ही परीक्षकांनी तो ऐकलेला नव्हता. अंधाराचेही तेच झाले होते. घरात खिडकी असते, लॅपटॉपच्या चौकटीभोवती खोली दिसत राहते. सभागृहात मात्र पडदा काळा झाला की शेजारी बसलेले माणूसही दिसेनासे होते.

समितीत बालवाडीत आयुष्यभर शिकवलेल्या एक ज्येष्ठ सदस्या आहेत, आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्यांनी काही न बोलता उठून तिसऱ्या रांगेत खुर्चीच्या कडेवर खाली सरकून बैठक घेतली, म्हणजे डोळे साधारण लहान मुलाच्या उंचीवर आले, आणि प्रोजेक्शनच्या खिडकीकडे पाहून म्हणाल्या, “दादा, तेवढाच भाग परत लावा.” दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी हातातल्या घड्याळावर वेळ धरली. दिवा विझल्यापासून बहिणीचा आवाज येईपर्यंत चाळीस सेकंद जातात, असे त्यांनी सांगितले. “या चाळीस सेकंदांत दाराबाहेर कोणी आहे हे मुलाला माहीत नाही. घरी भीती वाटली तर मूल उठून दिवा लावते. इथे दिवा कोणाच्याच हातात नाही.”

यावर दुसऱ्या सदस्यांनी जोरदार हरकत घेतली. मुलांना भीती हवी असते, त्यांच्या गोष्टी राक्षसांनी भरलेल्या असतात, आणि भावाला अंधारात धीर देणाऱ्या बहिणीची गोष्ट जर कौटुंबिक महोत्सवात बसत नसेल, तर मग कोणती बसणार, असा त्यांचा प्रश्न होता. मला तो पूर्णपणे पटला. आणि ताईंचे म्हणणेही पटले. छोट्या गावाच्या महोत्सवाची खरी अडचण इथेच असते. इटलीतल्या जिफोनी या लहानशा गावात १९७१ पासून मुलांचा चित्रपट महोत्सव भरतो आणि तिथे बालपरीक्षकांचे वयानुसार वेगवेगळे गट केलेले असतात. बर्लिनच्या महोत्सवातही मुलांसाठी आणि किशोरांसाठी दोन स्वतंत्र स्पर्धा आहेत. आमच्याकडे एकच सभागृह आहे. चार वर्षांची धाकटी आणि बारा वर्षांचा थोरला एकाच आईसोबत एकाच रांगेत बसतात आणि धाकटीला नेऊन बसवण्यासाठी दुसरा पडदा नाही. सर्वांत लहान प्रेक्षकाच्या मापाने सगळेच चित्रपट निवडले, तर बारा वर्षांच्या मुलाला पुन्हा यावेसे वाटणार नाही. त्याच्या मापाने निवडले, तर धाकटीला चित्रगृहाची धास्ती बसेल.

मधल्या वेळात प्रोजेक्शनवाल्या दादांनी आणखी एक गोष्ट तपासायला लावली, ती म्हणजे फडफडणारा दिवा. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका ॲनिमेशन मालिकेत लाल-निळ्या प्रकाशाचे वेगवान झोत दाखवले गेले आणि शेकडो मुलांना झटके, मळमळ, चक्कर अशा तक्रारींमुळे रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नसावेत, हे माप आम्हीही पाळतो. तो भाग संथ गतीने लावून मोजला. फडफड त्या मापात बसत होती, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

आवाजाचे कारणही दादांनीच उलगडून सांगितले. चित्रगृहातली ध्वनिव्यवस्था एका ठरलेल्या मापाला जुळवलेली असते. प्रमाणित चाचणीध्वनी पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरमधून ८५ डेसिबल भरला पाहिजे आणि ती पातळी प्रोसेसरच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या नियंत्रकावर, ७ या आकड्याला येते. घरी हेडफोन लावून, कमी आवाजात ध्वनिमिश्रण करणारा माणूस नकळत प्रत्येक आवाज वर उचलतो, आणि तेच मिश्रण ७ वर लावले की अंगावर येते. त्यातही खर्जाचा भाग हेडफोनमध्ये कळत नाही, म्हणून तो सर्वांत जास्त वाढवला जातो. दादांनी फेडर ५ पर्यंत खाली आणून पाहिला. घुमारा सुसह्य झाला, पण बहिणीची दाराआडची कुजबुज ऐकू येईना, आणि तिचा आवाज नसेल तर त्या लघुपटात उरते काय?

दुपारी मी दिग्दर्शिकेला फोन केला. चित्रात काटछाट करा, असे आम्ही कोणालाही सांगत नाही. कृती जशी आहे तशी स्वीकारायची किंवा नाकारायची, एवढाच अधिकार आयोजकांचा असतो, असे मी मानते, आणि हे मी त्यांना सुरुवातीलाच सांगितले. मग सभागृहात काय घडले ते क्रमाने सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांचा हा पहिला लघुपट होता आणि तो त्यांनी स्वतः अजून कोणत्याही मोठ्या पडद्यावर पाहिला नव्हता. घुमारा त्यांच्या ध्वनिसंयोजकाने घर जिवंत वाटावे म्हणून घातला होता आणि तो इतका मोठा आहे हे त्यांनाही माझ्याकडूनच कळत होते. चाळीस सेकंदांबद्दल मात्र त्या ठाम राहिल्या. “ती शांतता त्या मुलाची आहे, ती तशीच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पण तो घुमणारा आवाज आमचा आहे. तो मी आज काढते.”

संपूर्ण डीसीपी नव्याने पाठवण्याची गरज नव्हती. मूळ संचातले चित्र वापरून फक्त ध्वनीची नवी फाइल जोडणारा पूरक संच तयार करता येतो. तो आकाराने लहान असल्यामुळे इंटरनेटवरून संध्याकाळी आमच्यापर्यंत पोहोचला. आम्ही दिवे घालवून पुन्हा बसलो. फेडर ७ वर होता. काळ्या पडद्यावर आता फक्त श्वास होता, आणि त्याच्या मागे, अगदी दूर, एका पावलाचा आवाज ऐकू येत होता. बहीण दारापर्यंत चालत येते तो आवाज मूळ मिश्रणात घुमाऱ्याखाली दबून गेला होता. दिग्दर्शिकेने चाळीस सेकंदांतले एकही सेकंद कमी केले नव्हते, तरी बाहेर कोणीतरी येते आहे हे आता कळत होते. ताईंनी या वेळी घड्याळाकडे पाहिले नाही.

तरीही आम्ही तो सकाळच्या सत्रातून काढून दुपारच्या, आठ वर्षांवरील मुलांच्या सत्रात घेतला आणि पत्रिकेत त्याच्या नावाखाली एक ओळ छापली: या लघुपटात एक मुलगा अंधारात अडकतो, पडदा सव्वा मिनिट काळा राहतो, शेवट सुखरूप आहे. शेवट आधी सांगावा की नाही, यावर छपाईवाल्याचा दुसरा फोन येईपर्यंत वाद झाला. शेवट मुलांपासून लपवावा, पण त्यांना घेऊन येणाऱ्या मोठ्यांपासून नाही, असे माझे मत होते आणि आजही आहे. प्रत्यक्ष खेळाच्या वेळी काही पालक ती ओळ वाचून धाकट्यांना घेऊन आधीच बाहेर थांबले आणि काहींनी मुद्दाम मुलांना मांडीवर घेतले. अंधार झाल्यावर मागच्या रांगेतून एका मुलाने “दार तुझ्याकडे ओढ!” असा सल्ला तळघरात दिला, त्याला आणखी दोघांनी दुजोरा दिला, आणि बहिणीचा आवाज आला तेव्हा सगळे सभागृह तिची गोष्ट ऐकायला चिडीचूप झाले.

त्यानंतर आम्ही प्रवेशिकेचा अर्ज बदलला. ‘सर्वांसाठी’ या खुणेच्या चौकटीऐवजी आता काही थेट प्रश्न आहेत. पडदा कुठे पूर्ण काळा होतो का, अचानक मोठा आवाज किंवा वेगाने लखलखणारा प्रकाश आहे का, मूल एकटे पडते किंवा आईवडिलांना मुकते का, प्राणी मरतो का, आणि हे नेमके कितव्या मिनिटाला घडते. असे काही असले तर चित्रपट नाकारला जाईल या भीतीने लोक ही उत्तरे कोरी सोडतात, ते पाहून मला फार वाईट वाटते. कारण यातली कोणतीही गोष्ट असणे हे नाकारण्याचे कारण नाही. ती माहिती असली की चित्रपटाला योग्य सत्र, योग्य शेजार आणि पत्रिकेत योग्य ओळ देता येते. जिथे माहिती नसते, तिथे आम्हाला सर्वांत लहान मुलाचा विचार करून हात आखडता घ्यावा लागतो. या वर्षी एका अर्जात त्या रकान्यात एवढेच लिहिले आहे: ‘चौथ्या मिनिटाला फुगा फुटतो, आवाज मोठा आहे, पण त्याआधी सगळे जण हसत असतात.’ तो लघुपट सकाळच्या सत्रात घेतला आहे.