‘प्लास्टिक लव्ह’ची बारा इंची तबकडी : बेस उतरवताना

जपानी गायिका मारिया ताकेउची यांच्या ‘प्लास्टिक लव्ह’ या गाण्याची बेसलाइन, म्हणजे बेस गिटारचे स्वर, ऐकून उतरवण्याचे काम निम्म्याच्या पुढे सरकले आहे. एप्रिल १९८४ च्या ‘व्हरायटी’ या अल्बममधले रूप बाजूला ठेवून, २५ मार्च १९८५ रोजी सिंगल (एकाच गाण्याची स्वतंत्र तबकडी) म्हणून निघालेल्या बारा इंची तबकडीवरून काम सुरू केल्यामुळेच हे शक्य झाले. माझ्याकडे २०२१ चे पुनर्मुद्रण आहे. आज इंटरनेटवर ओळखले जाणारे हे सिंगल ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या संगीतविक्रीच्या, यादीत त्या वेळी ८६ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले होते, यावर आज विश्वास बसत नाही.

पहिल्या बाजूवरचा ‘एक्स्टेंडेड क्लब मिक्स’ नऊ मिनिटांहून थोडा मोठा आहे आणि त्यात गायन थांबून केवळ वाद्ये चालतात असे भाग पुष्कळ असल्याने कोकी इतो यांचा बेस आणि जुन आओयामा यांचे ड्रम्स वेगवेगळे ऐकता येतात. शिवाय तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाची असल्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ६९ सेंटिमीटर चर सरकतो, तर ३३⅓ च्या अल्बमवर तो ५१ च्या आसपास असतो. स्वराची सुरुवात त्यामुळेच अधिक धारदार वाटत असावी, असे माझे मत आहे.

हीच तबकडी मुद्दाम ३३⅓ वर लावली, तर वेग २६ टक्क्यांनी घटतो आणि सूर सुमारे पाच अर्धस्वर खाली येतात. हाय-हॅटचे (ड्रम्समधल्या झांजांच्या जोडीचे) ठोके मोजायला ही युक्ती उत्तम आहे. बेस मात्र इतका खाली जातो की सगळे अस्पष्ट होते, म्हणून त्यासाठी डिजिटल प्रत करून, सूर न बदलता ती संथ करावी लागते.

स्वर सापडले आहेत, अडते ते त्यांच्या लांबीपाशी. इतो स्वर कोठे सोडतात, स्नेअर या ड्रमच्या ठोक्याच्या आधी की नेमका त्याच्यावर, हे डाव्या हाताच्या बोटाला अजून उमगलेले नाही, आणि निर्माते-संयोजक तात्सुरो यामाशिता यांची गिटार नेमकी त्याच मोकळ्या जागेत वाजत असल्याने तिथे ढिलाई लगेच कळते. कोरसच्या (ध्रुवपदाच्या) आधीचे चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तने, बसले की दुसऱ्या बाजूवरचा ‘न्यू री-मिक्स’ हाती घेणार आहे.