इस्त्री राहिली ती राहिलीच

सकाळपासून पावसाची झड. इस्त्रीचा ढीग समोर घेऊन २०१७ चा ‘करीब करीब सिंगल’ हा सिनेमा लावला आणि तिसऱ्या शर्टानंतर इस्त्रीच बंद केली.

विमा कंपनीत नोकरी करणारी, नवरा गेलेली, मोजूनमापून बोलणारी जया. समोर योगी: भडक कपडे, तोंडाला खळ नाही, स्वतःच्याच कवितांवर फिदा. असं स्थळ आमच्या घरी आलं असतं तर चहासुद्धा मिळाला नसता! आणि हे दोघं निघतात कुठे, तर त्याच्या जुन्या प्रेमिकांना भेटायला. ऋषिकेश, अलवर, थेट गंगटोक.

दिग्दर्शिका तनुजा चंद्रांनी त्यांना प्रेमात पाडायची घाई केली नाही, हे फार आवडलं. आधी चिडचिड, मग सवय, मग मैत्री. मधे जरा रेंगाळतो, खरंय. पण जया झालेल्या पार्वतीचा तो वैतागलेला चेहरा! तिचा हा पहिलाच हिंदी सिनेमा, वाटत नाही. योगी झालेल्या इरफानबद्दल काय लिहू, दरवेळी त्याला हसताना पाहिलं की घशाशी काहीतरी येतं.

आई बाजूला शेंगा सोलत होती. संपल्यावर म्हणाली, “बडबड्या आहे मेला, पण तिचं ऐकतोही.”

शर्ट अजून तसेच पडलेत.