पुढच्या बाकावरचा माणूस

आज सकाळी ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चमध्ये मिस्सा (कॅथलिक उपासना) चालू असताना आमच्या पुढच्या बाकावर एक गृहस्थ गाढ झोपले होते, आणि मी पत्नीच्या कानाशी लागून म्हणालो, "मग घरीच झोपायचं होतं." त्यांना रात्रपाळी होती की घरात कोणी आजारी होते, हे मला अजूनही ठाऊक नाही, पण तसे काही कारण कळल्यावरच मी नरमलो असतो, हेच मला दिवसभर टोचते आहे.

बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 4थ्या अध्यायात संत पौल म्हणतो की तो स्वतःचाही न्याय करत नाही, त्याचा न्याय करणारा प्रभू आहे. म्हणून प्रभू येऊन अंधारातल्या गोष्टी आणि अंतःकरणातले हेतू उघड करीपर्यंत कोणी निवाडा करू नये. बरेवाईट ओळखूच नये, असे ख्रिस्त सांगत नाही (योहानाच्या शुभवर्तमानात तो यथार्थ न्याय करायला सांगतो), पण माणसाचा शेवटचा हिशेब त्याने माझ्या हाती दिलेला नाही.

मिस्सा संपल्यावर ते गृहस्थ गुडघे टेकून बराच वेळ तसेच राहिले. त्यांच्याशी बोलण्याचा मला धीर झाला नाही. पुढच्या रविवारी ते दिसले, तर त्यांच्या शेजारी बसणार आहे.