भुलीचा कागद

आमच्या लेकाला हंटर सिंड्रोम आहे, म्हणजे एमपीएस (म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिस) टाइप २, जन्मजात आजार. पेशींत मोडायला हवा तो पदार्थ मोडत नाही. जीभ, टॉन्सिल, घसा, श्वासनलिका सगळीकडे साचतो. मान आखूड, जबडा पुरता उघडत नाही. हर्नियाचं ऑपरेशन सोपं, भूल अवघड.

भूलतज्ज्ञ मॅडमनी तपासलं आणि कानाच्या ऑपरेशनच्या वेळचा भुलीचा कागद मागितला. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘जी.ए.’, म्हणजे पूर्ण भूल. झालं, जुन्या हॉस्पिटलचं रेकॉर्ड रूम आलं नशिबी.

तळघरात, पार्किंगच्या बाजूला. मे महिना, पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर. "कार्ड आहे ना तुमच्यापाशी, मंग अजून कायले पाहिजे?" पुढच्या वेळी साहेब जेवायला. मग बिल विभागाची सही आणा. मग फाइल गोडाऊनमध्ये. पोराचा श्वास कुठे अडतो ते त्या फाइलीत, आणि माणूस मला चलान विचारतो! शेवटी मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांचा हवाला देऊन अर्ज लिहिला: मागितल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. गोडाऊनमधली फाइल दुसऱ्याच दिवशी टेबलावर! उशीर करू नका, भरती रुग्णाचं रेकॉर्ड तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे. आमची अडीच उलटली होती.

निळ्या पेनाने खरडलेला अर्धा कागद: मास्कने श्वास देणं कठीण, श्वासाची नळी दुसऱ्या खेपेस गेली, वयाच्या मानाने लहान नंबरची. मॅडमनी उभ्या-उभ्याच वाचला. "आता याहून अवघड धरून चालू." वयाबरोबर साचणं वाढतं ना.

ऑपरेशन नीट झालं. आधी झोपेचं औषध दिलं नाही, स्वतःचा श्वास चालू ठेवून लवचीक दुर्बिणीवरून नळी घातली. गळ्याला छेद द्यायची वेळ आलीच तर म्हणून कान-नाक-घशाचे सर्जन हजर, आयसीयूत बेड राखलेला.

हो, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि मानेचा एक्स-रे आधीच करून ठेवा, यात हृदयाच्या झडपाही जाड होतात. रात्री घोरतो, श्वास थांबतो, हे विचारायची वाट न पाहता सांगा. दुसरं काही छोटं ऑपरेशन बाकी असेल तर एकाच भुलीत होईल का, तेही विचारा.

या वेळी नळीचा नंबर, कशी घातली, काय अडलं, सगळं कार्डावर लिहून घेतलं आणि मगच सुट्टीच्या कागदावर सही केली. बिलिंगवाला घड्याळ पाहत होता, पाहू दे.